आय-सेव्हनच्या नावाखाली तेरा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर

लग्नाचं शूटिंग आणि मिक्सिंग हा माझा धंदा. औशात छोटं दुकान आहे. जुन्या लॅपटॉपला फोर-केच्या, म्हणजे जास्त बारकाव्याच्या व्हिडिओच्या मोठ्या फाइल ओढेनात, म्हणून २०२४च्या दिवाळीनंतर अण्णांनी अकरा क्विंटल सोयाबीनची पट्टी जशीच्या तशी माझ्या हातात दिली. "तुळशीचं लग्न झालं की तुझी सराई लागते, त्याच्या आत मशीन घे," म्हणाले. त्या पैशाचं काय झालं ते सांगतो, कारण माझ्यासारखी कितीतरी पोरं असाच घरचा पैसा घेऊन लातूर-नांदेडला कॉम्प्युटर घ्यायला जातात.

पार्ट निवडून स्वतः जोडायचं असं मी आधी ठरवलं होतं. आठवडाभर भाव काढून वहीत लिहिले. लातूरच्या एका दुकानदाराने ती वही चाळली आणि बाजूला ठेवली. "भाऊ, कशाला जुळवाजुळव करत बसता? एक पार्ट दुसऱ्याला बसला नाही तर पैसे पाण्यात. आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक कार्ड, दोन तासांत तयार." ४६,५०० सांगितले. वीस हजार मी फोनवरून पाठवले. बाकीचे रोख द्या, जीएसटी वाचेल, असं तोच म्हणाला. पावती म्हणजे कोरा कागद, त्यावर 'कॉम्प्युटर सेट – १' आणि रक्कम. शिक्का नाही, सही नाही, सिरियल नंबर नाही.

आय-सेव्हन हे प्रोसेसरचं, म्हणजे कॉम्प्युटरच्या मेंदूचं नाव, पण त्याच नावाच्या जुन्या-नव्या पिढ्या असतात. हा कितव्या पिढीचा, हे मी विचारलं नव्हतं. सगळा खेळ तिथेच झाला.

पहिल्याच लग्नाच्या फाइल टाकल्या आणि मशीन अडकायला लागलं. तासाभराचं काम रात्रभर चालायचं आणि पहाटे बंद पडायचं. बाहेरून मात्र झकास, पंख्यांना लाल-निळे दिवे! शेवटी मावसभावाने कॅबिनेट उघडलं. तो हार्डवेअरचंच काम करतो. आत बघून बराच वेळ तो काहीच बोलला नाही. मदरबोर्डवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या. ग्राफिक कार्डाच्या पंख्यावर 'जीटीएक्स १०५० टीआय' या मॉडेलचा नवाकोरा स्टिकर, आणि मागे जुन्या मॉनिटरची वायर लावायचं निळं व्हीजीए पोर्ट. तो म्हणाला, "या कार्डाला व्हीजीए नसतंच."

मग त्याने जीपीयू-झेड नावाचा, ग्राफिक कार्डाची खरी चिप ओळखणारा फुकटातला प्रोग्राम टाकला. कार्डाच्या नावाआधी सरळ 'फेक' लिहून आलं. आतली चिप २०११ सालच्या जीटीएक्स ५५० टीआयची. तिच्यात १९२ कोअर, म्हणजे हिशोब करणारे छोटे भाग, खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८. कार्डातला प्रोग्राम बदलून टाकतात, त्यामुळे विंडोज नवंच नाव दाखवतं आणि चार जीबीसुद्धा दाखवतं. प्रोसेसर आय-सेव्हन होता हे खरं, पण २६००, म्हणजे दुसऱ्या पिढीचा, तोही २०११चाच. रॅमही जुन्या डीडीआर-थ्री प्रकारची. २०२२चा साधा आय-थ्री १२१००सुद्धा या आय-सेव्हनच्या पुढे पळतो. नवीन म्हणून दिलेली एसएसडी, म्हणजे फाइल साठवायची डिस्क, क्रिस्टल-डिस्क-इन्फो या डिस्क तपासायच्या प्रोग्राममध्ये बघितली, तर एकवीस हजार तासांच्या वर चाललेली. सगळ्या मालाची किंमत पंधरा हजारांच्या आत, असं तो म्हणाला.

म्हणून कळकळीने सांगतो, पैसे देण्याआधी दुकानातच मशीन चालू करून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा पूर्ण नंबर दिसतो. २६०० किंवा ३७७० म्हणजे दुसरी, तिसरी पिढी. १२४०० म्हणजे बारावी. जीपीयू-झेड आणि क्रिस्टल-डिस्क-इन्फो पेनड्राइव्हवर सोबत न्या. लावू दिलं नाही, तर तसेच उठून या. खोकी, वॉरंटी कार्ड आणि प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर घातलेलं पक्कं बिल घ्या. अठरा टक्के जीएसटी वाचवायच्या नादात तुमचा पुरावा जातो.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला आणि त्यांच्या सांगण्यावरून दुकानदाराला लेखी तक्रार दिली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तेवढं कळल्यावर तो नरमला. मशीन परत घेऊन वीस हजार परत केले, कारण तेवढ्याचीच नोंद माझ्या फोनवर होती.

त्यात लग्नांच्या इसाऱ्याचे पैसे घालून वहीतल्या यादीप्रमाणे आम्हीच मशीन जोडलं. प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००, पण नंबरच्या शेवटी 'एफ' नसलेला, कारण 'एफ'वाल्यात आतलं ग्राफिक नसतं. याच्या आतल्या ग्राफिकवरच एच-२६५ या दाबून लहान केलेल्या व्हिडिओ प्रकारच्या फाइल नीट चालतात, वेगळं कार्ड लागलंच नाही. बोर्ड, सोळा जीबी रॅम, एसएसडी, चांगला पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट धरून ३३,४०० रुपये, पक्क्या बिलासकट. रविवारी दहाला बसलो आणि दुपारी अडीचला पहिल्यांदा स्क्रीन उजळली. त्यातला एक तास फक्त कॅबिनेटच्या बटणाच्या बारीक वायरी बोर्डवर लावण्यात गेला. संध्याकाळपर्यंत विंडोज, ड्रायव्हर सगळं झालं.

रोख दिलेले २६,५०० मात्र मिळाले नाहीत. दुकानदार म्हणतो, ते मी घेतलेच नाहीत.