थंड पाण्यात मस्की: ट्रोलिंग दोन मैलांनी, तीन की चार?

ऑक्टोबर सरत आला आणि पाणी 50 अंश फॅरनहाइटच्या (10 सेल्सिअस) खाली उतरलं, की अमेरिका-कॅनडातल्या सेंट लॉरेन्स, जॉर्जियन बे, ग्रीन बे किंवा लेक सेंट क्लेअरवर मस्की या मोठ्या शिकारी माशाच्या मागे जाणाऱ्यांमध्ये एकच वाद रंगतो: ट्रोलिंग करताना, म्हणजे आमिष होडीमागे ओढत नेताना, होडी किती वेगाने चालवायची? उन्हाळ्यात सेंट क्लेअरवर ताशी 4 ते 6 मैल सर्रास चालतात. थंडीत मात्र जो तो सांगतो, ‘हळू जा’. सल्ला खरा आहे, पण अर्धाच. पाणी गारठलं की माशाचं पचन मंदावतं, तो कमी खातो आणि लांबवर पाठलाग करायला नाखूश असतो, इथपर्यंत ठीक. पण मस्की मुळात दबा धरून झडप घालणारा मासा आहे आणि ती छोटी झडप त्याला 42 अंशांच्या पाण्यातही जमते. म्हणून आमचा कौल आधीच सांगून टाकतो: सुरुवात 3 ते 3.5 मैलांनी करा. 2 वर उतरायला कारण हवं, आणि 4 वर चढायलाही.

त्याआधी पडद्यावरचा आकडा नीट वाचा. जीपीएस दाखवतो तो जमिनीच्या हिशेबाने वेग, आमिषाला जाणवतो तो पाण्याच्या हिशेबाने. सेंट लॉरेन्ससारख्या नदीत प्रवाह दीड मैलाचा असेल आणि तुम्ही प्रवाहाविरुद्ध 2 मैलांनी जात असाल, तर आमिष 3.5 ने पोहतंय. तेच उलट फिरून प्रवाहाबरोबर आलात, तर तेवढ्याच हालचालीसाठी जीपीएसवर 5 दिसायला हवेत. ‘वर जाताना मासे लागतात, खाली येताना लागत नाहीत’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. आणखी एक गोष्ट: जीपीएस नॉटवर ठेवलेला असेल, तर 3 नॉट म्हणजे जवळपास साडेतीन मैल. मालवणकडे सुरमईसाठी ट्रोलिंग केलेल्यांची नॉटची सवय सहज जात नाही.

2 ते 2.5 मैल

याला दोन चांगली कारणं आहेत. एक, पाणी 42 अंशांच्या खाली गेलंय किंवा थंड वाऱ्याने एका रात्रीत दोन-तीन अंशांनी घसरलंय. तापमान किती आहे यापेक्षा ते किती झपाट्याने पडलं, याला महत्त्व जास्त. दुसरं, मासे एका छोट्या जागी गोळा झालेत. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सिस्को मासे अंडी घालायला खडकाळ उंचवट्यांवर येतात तेव्हा मस्कीही त्यांच्यामागे तिथेच घुटमळतात. अशा वेळी जागा सोडून पुढे पळण्यात अर्थ नाही.

अडचण आमिषाची असते. प्रत्येक क्रँकबेटची (ओढल्यावर डुलणारं टणक, माशाच्या आकाराचं आमिष) एक किमान गती असते, तिच्याखाली ते डुलायचं सोडून नुसतं ओढलं जातं. रुंद लिपचं (नाकापुढची पट्टी), मोठ्या अंगाचं आमिष 2 मैलांनाही ठोके देतं. जलद पळण्यासाठी बनवलेलं, अरुंद लिपचं आमिष मेल्यासारखं येतं. दोरी सोडण्याआधी आमिष होडीच्या कडेला पाण्यात धरून बघा. ठोके हाताला जाणवले नाहीत, तर 60 फुटांवर ते आपोआप सुरू होणार नाहीत. जड रबरी आमिषांचा प्रश्न वेगळा: वेग अर्ध्या मैलाने कमी झाला की ती कित्येक फूट खाली बसतात आणि खडकात अडकतात. क्रँकबेटची खोली मात्र मुख्यतः सोडलेल्या दोरीवर आणि दोरीच्या जाडीवर ठरते, वेगावर फार कमी. तेव्हा ‘आणखी खोल जावं’ म्हणून क्रँकबेट हळू ओढण्यात काही हाशील नाही, दोरी वाढवा.

मोठं इंजिन आयडलवरही बऱ्याचदा 2 मैलांखाली येत नाही, मागून वारा असेल तर मुळीच नाही. मग 9.9 अश्वशक्तीचं छोटं इंजिन लावा किंवा पाण्यात ड्रिफ्ट सॉक (होडीचा वेग रोखणारी कापडी पिशवी) टाका. शिवाय इतक्या वेगात होडीचा झटका कमी बसतो, त्यामुळे गळ बोथट असेल तर हाडकुळ्या जबड्यात रुतत नाही. कानस सोबत ठेवाच.

3 ते 3.5 मैल

45 अंशांच्या आसपासच्या बहुतेक दिवसांत हाच पट्टा चालतो. जवळपास प्रत्येक मोठं क्रँकबेट इथे नीट काम करतं, गळ स्वतःहून रुततो, आणि मुख्य म्हणजे इथून दोन्ही बाजूंना चाचपता येतं. सरळ रेषेत जाऊ नका, लांबलचक नागमोडी वळणं घ्या. वळताना बाहेरच्या बाजूचं आमिष वेग घेतं, आतलं मंदावतं आणि तरंगणारं असेल तर थोडं वर येतं. बाहेरच्यावर मासा लागला तर वेग पाव-अर्धा मैल वाढवा, आतल्यावर लागला तर तेवढाच कमी करा. एका माशावरून निष्कर्ष काढू नये हे खरं, पण नोव्हेंबरात दिवसाला दुसरा मासा मिळेलच याची खात्री कोण देणार? मिळालेला इशारा घ्यावा.

ही चाचणी लाइन (आमिषाच्या दोऱ्या) किती लावता येतात यावर अवलंबून आहे. मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये माणशी तीन लाइन चालतात, त्यामुळे दोघांत दोन्ही बाजू व्यवस्थित भरतात. मिनेसोटात खुल्या पाण्यात माणशी एकच. तिथे वळणांच्या जोडीला थ्रॉटलही वापरा: दर काही मिनिटांनी चार-पाच सेकंद वेग 4 पर्यंत न्या आणि परत खाली आणा.

4 ते 4.5 मैल

थंडीत हा वेग वेडेपणा वाटतो, पण हवामान चार-पाच दिवस स्थिर आहे, पाणी 45 ते 50 अंशांत हळूहळू उतरतंय आणि मासे मोठ्या सपाट भागावर विखुरलेत, तर आम्ही हाच निवडू. आठ तासांत 2 मैलांनी 16 मैल पाणी चाळलं जातं, 4 मैलांनी 32. ग्रीन बेसारख्या पसरट पाण्यात हा फरक लहान नाही.

इथे चुका लगेच उघड्या पडतात. आमिष एका बाजूला झुकत असेल तर 3 मैलांना ते खपतं, 4.5 ला ते गिरकी घेत पृष्ठभागावर येतं. तोंड आपल्याकडे करून ओढा; उजवीकडे पळत असेल तर नाकाची तारेची कडी पक्कडीने किंचित डावीकडे वाकवा. दुसरी कटकट पानांची. शरद ऋतूत तुटलेलं पाणगवत सगळीकडे तरंगत असतं आणि वेगात ते लिपवर गोळा होतं. रॉडच्या टोकाची थरथर थांबली किंवा बदलली की लगेच ओढून घ्या. ड्रॅगही (रिळातून दोरी सुटण्याला लागणारा ब्रेक) सैल हवा: 80 पौंडी ब्रेडेड दोरी ताणली जात नाही, तेव्हा घट्ट ड्रॅगवर 4 मैलांचा झटका बसला की गळ फाटून निघतो.

मासा लागल्यावर इंजिन एकदम बंद करू नका, मग वेग कोणताही असो. होडी थांबली की तरंगणारी आमिषं वर येऊन एकमेकांत गुंततात, रबरी तळाला जातात आणि माशाची दोरी सैल पडते. वेग मैल-दीड मैलावर आणा, बाकीच्या लाइन गोळा करा, मग जाळीकडे वळा. हवा गोठणबिंदूखाली असेल तर मासा जाळीतच, पाण्यात ठेवून गळ कटरने कापा. बाहेर काढला तर त्याचे कल्ले आणि डोळे गोठू शकतात.