परदेशी पाहुण्यांसाठी रेल्वेचा फॉरेन टूरिस्ट कोटा: कुठे कामाचा, कुठे अडतो

परदेशी पाहुणे डिसेंबरात येतात आणि दिल्ली, आग्रा, वाराणसी, मुंबई, गोवा असा भरगच्च बेत सांगतात. तिकिटं काढली का असं विचारलं की उत्तर येतं, "स्टेशनवर जाऊन काढू ना!" युरोपात हे चालून जातं. आपल्याकडे नाताळाच्या आठवड्यात गोव्याची गाडी साठ दिवस आधीच वेटिंगला गेलेली असते. अशा वेळी रेल्वेची एक जुनी सोय उपयोगी पडते: फॉरेन टूरिस्ट कोटा. खिडकीवर त्याला सरळ एफटी कोटा म्हणतात. होमस्टे चालवणारे, गाईड, आणि ज्यांच्या घरी परदेशी सून-जावई किंवा परदेशी पासपोर्टवरची नातवंडं येतात, अशा सगळ्यांना ही सेवा नीट माहीत असायला हवी.

निकाल आधीच सांगतो. खिडकीवर ही सेवा उत्तम आहे. ऑनलाइन ती महाग आणि किचकट आहे. छोट्या मार्गांवर आणि ऐनवेळी तिच्या भरवशावर राहू नये.

कोट्याची रचना साधी आहे. पर्यटकांची वर्दळ असलेल्या ठरावीक गाड्यांमध्ये मोजक्या जागा वेगळ्या काढून ठेवलेल्या असतात. सर्वसाधारण कोटा भरून वेटिंग सुरू झालं तरी या जागा शिल्लक असू शकतात. या कोट्यात वेटिंग किंवा आरएसी (एकाच बर्थवर दोघांनी बसायची सोय) मिळत नाही. जागा असली तर थेट कन्फर्म, नसली तर विषय संपला. पाहुण्यांच्या दृष्टीने हे फार बरं आहे, कारण वेटिंग म्हणजे काय हे परदेशी माणसाला समजावताना घाम फुटतो. ऑनलाइन काढलेलं वेटिंगचं तिकीट चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, लागल्यावर कन्फर्म झालं नाही तर आपोआप रद्द होतं, हे त्यांना कुणी सांगत नाही. मग तोच कागद घेऊन ते डब्यात चढतात आणि टीसीशी वाद होतो.

सर्वसाधारण आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवस होती. परदेशी पर्यटकांची ३६५ दिवसांची मुदत मात्र कायम ठेवली आहे. म्हणजे विमानाचं तिकीट हातात आलं, त्याच आठवड्यात मुंबई-दिल्ली राजधानीची जागा पक्की करता येते. या कोट्याची खरी किंमत इथेच आहे.

खिडकीवर काय लागतं? मूळ पासपोर्ट आणि चालू व्हिसा. झेरॉक्सवर किंवा मोबाइलमधल्या फोटोवर काम होत नाही. पाहुणे हॉटेलात आणि त्यांचे पासपोर्ट तुमच्या हातात, असाही प्रकार करू नका. निदान एकाने तरी स्वतः यावं. खिडकीवर जाण्याआधी आरक्षणाचा फॉर्म पूर्ण भरून ठेवा. एका फॉर्मवर जास्तीत जास्त सहा प्रवासी. त्यात गाडीचा क्रमांक, तारीख, वर्ग, चढायचं आणि उतरायचं स्टेशन, पासपोर्टवर असेल तसंच नाव, वय, पासपोर्ट क्रमांक आणि भारतातला पत्ता. गाडीच्या नावापेक्षा क्रमांक महत्त्वाचा, कारण एकाच मार्गावर मिळत्याजुळत्या नावांच्या गाड्या असतात. फॉर्मवर शेजारी दुसऱ्या पसंतीची गाडीही लिहून ठेवा. खिडकीवरच्या माणसाला मग लगेच पुढचा पर्याय बघता येतो. तारखेकडे विशेष लक्ष द्या. अमेरिकन पाहुणा सवयीने आधी महिना लिहितो, त्यामुळे ५ जानेवारीचं तिकीट १ मेच्या फॉर्मवर जाऊ शकतं.

मुंबईत सीएसएमटीच्या आरक्षण केंद्रात आणि चर्चगेटला पश्चिम रेल्वेच्या कार्यालयात या कोट्याची सोय आहे. कोलकात्यात फेअरली प्लेस, चेन्नईत सेंट्रल. आरक्षण केंद्रं रविवारी साधारण दुपारी दोनपर्यंतच चालतात, त्यामुळे हे काम रविवारवर टाकू नका.

सगळ्यात मोठं केंद्र नवी दिल्ली स्टेशनवर आहे: इंटरनॅशनल टूरिस्ट ब्यूरो, पहाडगंजच्या बाजूच्या मुख्य इमारतीत, पहिल्या मजल्यावर. बसायला जागा आहे, कर्मचारी इंग्रजीत नीट बोलतात आणि एका बैठकीत चार-पाच गाड्यांची तिकिटं निघतात. सेवा म्हणून मला हे केंद्र मनापासून आवडतं. अडचण आहे ती तिथवर पोचण्याची. जिन्याच्या अलीकडे नीटनेटक्या कपड्यातला एखादा माणूस पाहुण्यांना थांबवतो. "ऑफिस बंद आहे", "दुसरीकडे हलवलंय", "आग लागली होती", "तुमचं तिकीट रद्द झालंय, इथे चेक करावं लागेल" अशी वाक्यं ठरलेली असतात. काही जण गळ्यात ओळखपत्रही अडकवून असतात. मग रिक्षात बसवून कॅनॉट प्लेसच्या आसपासच्या एखाद्या खासगी ट्रॅव्हल दुकानात नेतात. तिथे 'सरकारी टूरिस्ट ऑफिस' अशी पाटी असते, गाड्या फुल्ल असल्याचं स्क्रीनवर दाखवतात आणि काश्मीर किंवा राजस्थानची महागडी गाडी-ड्रायव्हर टूर गळ्यात मारतात. पाहुण्यांना आधीच तीन गोष्टी सांगून ठेवा. रस्त्यावर कुणालाही तिकीट दाखवायचं नाही. ब्यूरो स्टेशनच्या इमारतीतच आहे, रस्त्यापलीकडे नाही. आणि कुणी काहीही म्हटलं तरी जिना चढून स्वतःच्या डोळ्यांनी दार बघायचं.

आता ऑनलाइन. आयआरसीटीसीवर, म्हणजे रेल्वेच्या अधिकृत तिकीट साइटवर, परदेशी मोबाइल क्रमांकाने खातं उघडता येतं. त्यासाठी १०० रुपये आणि वर जीएसटी असं नोंदणीशुल्क आहे. नेहमीच्या शोधात हा कोटा सहज दिसत नाही. मेन्यूत परदेशी पर्यटकांचा वेगळा भाग शोधावा लागतो. तिथे जागा मुख्यतः फर्स्ट एसी, सेकंड एसी आणि एक्झिक्युटिव्ह चेअर कारमध्येच मिळतात. भाडं आणि सेवाशुल्क दोन्ही नेहमीपेक्षा जास्त. म्हणून आधी सर्वसाधारण कोटा बघावा. तिथे परदेशी माणसालाही आपल्याइतकंच भाडं पडतं, फक्त राष्ट्रीयत्व निवडून पासपोर्ट क्रमांक भरायचा. पुष्कळ पाहुणे ६० दिवसांच्या आत सर्वसाधारण जागा रिकामी असतानाही 'फॉरेन टूरिस्ट' शब्द बघून महाग तिकीट काढतात. ते पैसे वाया जातात.

परदेशी कार्ड नाकारलं जाणं ही नेहमीची तक्रार. पेमेंटच्या पानावर आंतरराष्ट्रीय कार्डांसाठी वेगळा पर्याय असतो, तोच निवडायचा; भारतीय कार्डाच्या पर्यायातून दहा वेळा प्रयत्न केला तरी पैसे जाणार नाहीत. बँकेला आधी कळवून ठेवलं तर संशयास्पद व्यवहार म्हणून अडवण्याची शक्यता कमी होते. शिवाय रोज रात्री पावणेबारा ते बारा-वीस ही साइट आरक्षणासाठी बंद असते. हिवाळ्यात लंडनमध्ये तेव्हा संध्याकाळचे सव्वासहा वाजलेले असतात आणि पाहुणा ऑफिसातून घरी येऊन नेमका तेव्हाच लॅपटॉप उघडतो. सकाळी आठला नवीन तारीख उघडते ती न्यूयॉर्कच्या हिवाळ्यातल्या रात्री साडेनऊला. हा हिशोब कागदावर लिहून पाठवा.

हे सगळं नको असेल तर १२गो सारख्या खासगी साइट आहेत. आयआरसीटीसीचं खातं लागत नाही, परदेशी कार्ड चालतं, वर कमिशन पडतं. एक-दोन तिकिटांसाठी ठीक. पंधरा दिवसांचा रेल्वे प्रवास असेल तर ते कमिशन टोचतं. जुन्या मार्गदर्शक पुस्तकांतला इंडरेल पास मात्र विसरा, तो २०१७ मध्येच बंद झाला.

तत्काळचा, म्हणजे ऐनवेळच्या तिकिटाचा रस्ता परदेशी माणसाला जवळपास बंद झाला आहे. १ जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीवर तत्काळ तिकीट फक्त आधार पडताळणी झालेल्या खात्यातूनच निघतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून सर्वसाधारण आरक्षण उघडल्यावरची सुरुवातीची वेळही अशाच खात्यांसाठी राखीव झाली. पाहुण्याकडे आधार नाही, त्यामुळे तो या शर्यतीत उतरूच शकत नाही. यजमानाचं खातं पडताळलेलं असेल तर त्यातून पाहुण्याचं तिकीट काढता येतं, ओटीपी यजमानाच्या फोनवर येतो. मित्र-नातेवाइकांसाठी असं काढणं बिनधास्त करा. होमस्टेवाल्यांनी आणि गाईडनी मात्र सांभाळून राहावं. वैयक्तिक खात्यातून तिकीट काढून त्यावर पैसे घेणं रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'सर्व्हिस चार्ज' म्हणून शंभर रुपये लावणंही त्यातच धरलं जाऊ शकतं. पाहुण्यांच्या शेजारी बसून त्यांच्याच खात्यातून काढून द्या, नाहीतर अधिकृत एजंटकडे पाठवा.

तुमच्या खात्यातून काढताना प्रवाशाचा मोबाइल क्रमांक कुणाचा टाकताय ते ठरवून टाका. गाडी उशिरा आहे, रद्द झाली, चार्ट लागला, हे सगळे मेसेज त्याच क्रमांकावर येतात. पाहुण्याकडे भारतीय सिम नसेल तर तुमचाच क्रमांक टाका आणि मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलायची जबाबदारी घ्या.

एकत्र जाणाऱ्या मिश्र कुटुंबाची एक वेगळी अडचण होते. एफटी कोटा परदेशी पाहुण्यांना, आई-बाबांना सर्वसाधारण. म्हणजे दोन पीएनआर (दोन वेगळी तिकिटं), आणि बर्थ कदाचित दोन डब्यांत. सगळ्यांनी जवळ बसणं महत्त्वाचं असेल तर ६० दिवसांच्या आत सर्वसाधारण कोट्यातूनच एकत्र तिकीट काढा.

स्टेशनांच्या नावांचा घोळ सगळ्यात जास्त नडतो. 'मुंबई' नावाने पाहुणा सीएसएमटीला पोचतो आणि त्याची राजधानी मुंबई सेंट्रलहून सुटते. कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस, वांद्रे टर्मिनस, दादरची मध्य आणि पश्चिम अशी दोन स्वतंत्र स्टेशनं, हे सगळं तिकिटावर इंग्रजी कोडमध्ये असतं. गोव्यात 'गोवा' नावाचं स्टेशन नाही. कळंगुट-हणजुणे बाजूला जायचं असेल तर थिवी, पणजीला करमळी, दक्षिणेकडे मडगाव. मडगावपर्यंत तिकीट काढून मग टॅक्सीने उलट उत्तरेला जाणारे परदेशी दर मोसमात दिसतात. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश चालतात आणि मुंबई-मडगाव वंदे भारतही त्या काळात आठवड्यातून कमी दिवस धावते. जून ते ऑक्टोबरच्या प्रवासात महिनाभर आधी पाहिलेली वेळ पुन्हा तपासा.

वेरूळ-अजिंठ्यासाठी येणाऱ्यांच्या हातात अजून 'औरंगाबाद' लिहिलेली पुस्तकं असतात. स्टेशनचं नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कोडही बदलला. जुन्या कोडवर शोधून 'गाडीच नाही' असा निष्कर्ष काढू नये. अलाहाबादचं प्रयागराज, मुघलसरायचं पंडित दीनदयाळ उपाध्याय, भोपाळच्या हबीबगंजचं राणी कमलापती झालं आहे. वाराणसीत मंडुवाडीह आता बनारस, आणि ते वाराणसी जंक्शनपासून वेगळं स्टेशन आहे.

वर्ग निवडताना पाहुण्याची उंची विचारा. सहा फुटांवरच्या माणसाला साइड बर्थ नको. त्याच्या दोन्ही टोकांना भिंत असते, पाय मुडपून रात्र काढावी लागते. आतल्या बर्थवर पाय निदान बाहेर तरी काढता येतात, मग येणारे-जाणारे त्यावर आपटतात तो भाग वेगळा. सेकंड एसीचा वरचा बर्थ हा चांगला मध्यममार्ग. सामानाची मोफत मर्यादा फर्स्ट एसीत ७० किलो, सेकंडमध्ये ५०, थर्डमध्ये ४०. वजनापेक्षा आकार जास्त अडचणीचा ठरतो: टणक कवचाची मोठी बॅग खालच्या बर्थखाली शिरतच नाही आणि बोळात उभी राहते. दोन मऊ, मध्यम बॅगा आणि साखळी-कुलूप सांगा.

तारीख ठरवताना बंदचे वारही बघा. अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी, ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. आणि मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीचं तिकीट पुढच्या तारखेचं असतं. शनिवारी रात्री जेवून निघायचं आणि गाडी ००:२० ची, तर फॉर्मवर रविवारची तारीख.