सरकता पॅड की कलती स्टिक: हँडहेल्डसाठी अंगठ्याचे नियंत्रण निवडताना

रास्पबेरी पाय पिकोसारखा मायक्रोकंट्रोलर (छोटा, एका चिपवरचा संगणक) घेऊन स्वतःचे हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचे गेमचे यंत्र, बांधणाऱ्यांचे स्क्रीन आणि बॅटरी यांवर लवकर एकमत होते. घोडे अडते ते डाव्या अंगठ्याखाली काय बसवायचे यावर. एक पर्याय पीएसपी (प्लेस्टेशन पोर्टेबल, २००४) आणि निन्टेन्डो थ्रीडीएस (२०११) यांच्यासारख्या आडव्या सरकणाऱ्या पॅडचा, दुसरा प्लेस्टेशन व्हिटा किंवा निन्टेन्डो स्विच यांच्यासारख्या बुटक्या, कलणाऱ्या स्टिकचा. थ्रीडी प्रिंट केलेल्या एकाच केसमध्ये मी दोन्ही आलटूनपालटून वापरले आहेत, त्यामुळे पुढचे मत हे मोजमापापेक्षा वापरातून आलेले आहे, हे लक्षात घ्यावे.

स्टिकची बाजू खरोखर भक्कम आहे. ती खाली दाबली की एक जादा बटण मिळते, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत तिचे मॉड्यूल सहज मिळते आणि मुख्य म्हणजे तिच्यात हॉल सेन्सरचा पर्याय उपलब्ध आहे. साध्या स्टिकमधल्या पोटेन्शियोमीटरमध्ये (हलवल्यावर विद्युतरोध बदलणाऱ्या भागात) धातूची पट्टी कार्बनच्या थरावर घासत राहते, थर झिजला की मधली जागा ढळते आणि अंगठा उचललेला असतानाही खेळातले पात्र चालू लागते. चुंबकाच्या क्षेत्रावरून स्थान ओळखणाऱ्या हॉल सेन्सरमध्ये ही झीज नसते. ही युक्ती नवी नाही, १९९८ च्या सेगा ड्रीमकास्ट या गेम यंत्राच्या कंट्रोलरमध्येही ती होती. मला मिळालेल्या सरकत्या पॅडमध्ये मात्र कार्बनचाच थर होता, आणि असे पॅड बहुधा जुन्या यंत्रांचे सुटे भाग म्हणूनच शोधावे लागतात.

असे असूनही माझा कौल फिरला तो एका त्रासामुळे. स्टिक कितीही बुटकी घेतली तरी तिची टोपी केसच्या वर राहतेच. यंत्र बॅगेत टाकून दुचाकीवरून कोथरूडहून हडपसरला जाताना प्रत्येक खड्ड्यागणिक ती वहीला किंवा डब्याला लागून हलते, हलली की फर्मवेअर (यंत्र चालवणारी आतली आज्ञावली) त्याला खेळणाऱ्याची हालचाल समजते, आपोआप झोपी जाण्याचा टायमर पुन्हा शून्यावर येतो आणि पोहोचेपर्यंत यंत्र तापलेले व बॅटरी उतरलेली सापडते. टायमरने स्टिककडे दुर्लक्ष करावे असे लिहून पाहिले, तर केवळ स्टिकने चालत राहण्याच्या लांबलचक प्रसंगात स्क्रीन मध्येच विझू लागली. हालचालीची मर्यादा वाढवूनही उपयोग झाला नाही, कारण वहीच्या कडेने दाबलेली स्टिक थेट टोकापर्यंत जाते. त्यातच फर्मवेअर सुरू होतानाची स्थिती मध्य म्हणून धरत असेल, तर बॅगेत चालू झालेले यंत्र चुकीचा मध्य घेऊन बसते. हा दोष निदान मध्याची नोंद फ्लॅश मेमरीमध्ये जपून ठेवल्याने जातो. पीएसपीप्रमाणे होल्डचा सरकता स्विच देता येईल, परंतु तो दर वेळी आठवणीने लावावा लागतो. सरकता पॅड केसच्या पातळीत बसतो आणि हा प्रश्नच उद्भवत नाही.

पॅडचेही दोष आहेत. मध्यापासून निघताना तो किंचित अडतो, त्यामुळे अगदी सावकाश चालणे कलत्या स्टिकवर अधिक सहज जमते. त्याच्या भोवतीच्या फटीत धूळ बसते आणि रस्ते खोदलेल्या दिवसांत मऊ ब्रशने ती फट झाडावी लागते. जागा निवडताना मात्र पीएसपीचा कित्ता गिरवू नये: तेथे पॅड डी-पॅडच्या (चार दिशांच्या बटणाच्या) खाली आहे आणि अंगठा तळव्याकडे दुमडून धरावा लागल्याने माझा सांधा लवकर दुखू लागतो. थ्रीडीएसप्रमाणे पॅड वर घेतला की अंगठा आपल्या नैसर्गिक वळणात राहतो.

ज्यांना दोन्ही अंगठ्यांनी नेम धरण्याचे त्रिमितीय खेळ खेळायचे आहेत त्यांनी बहुधा हॉल सेन्सरची स्टिकच घ्यावी. मात्र पिकोवर मोकळे अ‍ॅनालॉग पिन तीनच असल्याने दोन स्टिकच्या चार अक्षांसाठी मल्टिप्लेक्सर (एका पिनवर अनेक संकेत आळीपाळीने आणणारी चिप) किंवा वेगळा एडीसी (अ‍ॅनालॉग संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारी चिप) जोडावा लागेल. बाकीच्यांनी, विशेषतः यंत्र रोज बॅगेतून नेणाऱ्यांनी, माझ्या मते आधी सरकता पॅड बसवून पाहावा. त्याचा डेड झोन (मध्याभोवतीची, हालचाल न धरायची जागा) प्रत्येक अक्षावर वेगळा न काढता मध्यापासूनच्या अंतरावर काढावा, नाहीतर तिरके चालताना पात्र आडव्या-उभ्या रेषांना चिकटते. आणि केस प्रिंट करताना खाच इतकी खोल ठेवावी की पॅडची चकती तिच्या कडेपेक्षा वर येणार नाही.