जुनं आठ हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड: 70 तासांनंतर काय टिकलं, काय पुन्हा उघडावं लागलं

आऊटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. हे दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, पॉइंट इग्निशनचं (उघडझाप करणाऱ्या संपर्क-पट्ट्यांवर ठिणगी पाडणारं). दुरुस्तीनंतर सात महिने खाऱ्या पाण्यात चाललंय.

सुरुवात कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजण्यापासून केली. दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून दोरी चार-पाच वेळा ओढली. वर 98, खाली 94 पीएसआय. फरक दहा टक्क्यांच्या आत असेल आणि आकडे नव्वदच्या वर असतील तर पिस्टन-रिंगांना हात लावू नये. एकच सिलिंडर साठावर आला असता तर आधी हेड गॅस्केट, मग रिंगा. हौसेने उघडलेला ब्लॉक पुन्हा तसाच बसेल याची खात्री नसते.

सगळ्यात चांगलं टिकलं ते पाण्याच्या पंपाचं काम. जुन्या इंपेलरच्या (पाणी वर ढकलणाऱ्या रबरी चाकाच्या) पात्या एकाच बाजूला वाकून कडक झाल्या होत्या. नुसता इंपेलर बदलणं हे अर्धं काम. ज्या वाटीत तो फिरतो तिच्यात नख अडकेल एवढी चर पडली असेल तर वाटीही नवीन हवी, नाहीतर कमी वेगात पाणी चढत नाही. बसवताना पात्यांना ग्लिसरीन लावायचं आणि हाउसिंग खाली दाबताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, म्हणजे पात्या योग्य बाजूला झुकतात. लोअर युनिट (पंप आणि गिअर असलेला खालचा भाग) चढवताना पाण्याची तांब्याची नळी रबरी ग्रोमेटमध्ये नीट शिरली का, हे टॉर्च मारून बघावं. ती बाजूला गेली तर सगळं घट्ट बसतं, पंपही फिरतो, पण हेड तापतं. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावलं, टोकावर मुद्दाम नाही. तिथे ग्रीस कोंडलं की शाफ्ट पूर्ण वर बसत नाही. थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून तपासला, साधारण 60 अंशांना उघडला. 70 तासांत एकदाही हेड तापलेलं नाही. दर फेरीनंतर दहा मिनिटं गोड्या पाण्यात चालवतो, त्याचाही यात वाटा आहे. कोरडं मात्र एकदाही नाही; पाण्याशिवाय इंपेलर काही सेकंदांत जळतो.

इग्निशनला 45 तासांनी पुन्हा हात लावावा लागला. फ्लायव्हील पुलरनेच काढावं, क्रँकवर हातोडा नको. फ्लायव्हीलची चावी (त्याला क्रँकवर जागेवर धरणारा छोटा धातूचा तुकडा) अर्धवट कापली गेली असेल तर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकतं आणि माणूस उगाच कार्ब्युरेटर खोलत बसतो. पॉइंटचा गॅप कॅमच्या सर्वांत उंच जागी 0.5 मिमी ठेवला होता, तो 0.4 वर आलेला सापडला. पॉइंटचा कॅमवर घासणारा ठोकळा झिजतो; कॅमच्या नमद्याला थेंबभर ग्रीस लावायचं राहिलं होतं. नव्या पॉइंटवर संरक्षक थर असतो, तो आधी पुसून काढावा; नाहीतर नवीन भाग असूनही ठिणगी पडत नाही.

कार्ब्युरेटर दोनदा खोलला, आणि चूक कार्ब्युरेटरची नव्हतीच. जुन्या पेट्रोल नळीचं आतलं अस्तर सुटून त्याचे काळे कण जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रांत) अडकत होते. नळी, तिच्यावरचा हाताने दाबायचा रबरी पंप आणि कनेक्टरची ओ-रिंग आधी बदलावी, जेट नंतर साफ करावेत. फ्लोट (कार्ब्युरेटरमधला तरंगणारा भाग) बॉडीच्या कडेला समांतर आणि कमी वेगाची सुई दीड फेरा उघडी, एवढ्यावर इंजिन सुरू होतं. पुढचं सेटिंग गरम झाल्यावर, पंखा (प्रोपेलर) पाण्यात आणि इंजिन गिअरमध्ये असतानाच करावं.

मिश्रण 50:1, म्हणजे लिटर पेट्रोलला 20 मिली टीसी-डब्ल्यू 3 ऑइल (पाण्याने थंड होणाऱ्या बोटींच्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीचं). दुचाकीचं टू-टी ऑइल यात घालू नये. 'थोडं जास्त घातलेलं बरं' हाही गैरसमज आहे: ऑइल वाढलं की तेवढंच पेट्रोल कमी होतं आणि हवेच्या तुलनेत इंधन उलट कमी पडतं.

गिअर ऑइल दहा तासांनी तपासलं तर दुधाळ. पंख्यामागे गुंडाळलेल्या गळाच्या दोरीने नवं सील कापलं होतं. सील बदलल्यावर 10 पीएसआय हवा भरून दाब टिकतो का पाहिलं. ऑइल खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरायचं. वरून ओतलं तर हवा अडकते. दोन्ही स्क्रूंची वॉशर दर वेळी नवीन.

एक दोष शिल्लक आहे. आयडलला (थ्रॉटल न देता हळू चालताना) वेग वर-खाली होतो आणि चोक किंचित ओढला की स्थिर होतो, म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय. जेट साफ आहेत, वरचं क्रँक सील फ्लायव्हील काढलं तेव्हाच बदललंय, त्यामुळे संशय खालच्या सीलवर. त्यासाठी पॉवरहेड (वरचा मुख्य इंजिनाचा भाग) उतरवावं लागेल आणि त्याचे बोल्ट गंजून ॲल्युमिनियममध्ये रुतलेले आहेत. आटे तुटायची शक्यता पाहता, आयडल आणखी बिघडेपर्यंत ते काम थांबवलंय.