कोलाडची राफ्टिंगची सहल आणि आधीच घेतलेली सही

मी साळावला नोकरी करते आणि रोज रेवदंड्याच्या पुलावरून ये-जा करते, त्यामुळे कुंडलिका नदी समुद्राला मिळते ते ठिकाण मला पाठ आहे. तिच्याच वरच्या अंगाला, कोलाडजवळ, राफ्टिंग चालते हेही ऐकून होते, पण कधी जाणे झाले नव्हते. गेल्या डिसेंबरमध्ये कॉलेजच्या आम्ही आठ मित्र-मैत्रिणींनी ठरवले की एक रविवार काढायचा, सकाळी राफ्टिंग करायचे आणि दुपारी दोरावरून कडा उतरण्याचा, म्हणजे रॅपलिंगचा, अनुभव घ्यायचा. त्या दिवशी आमची जी फसवणूक झाली ती सविस्तर लिहिते आहे, कारण ती करण्याची पद्धत इतकी सरावाची होती की आमच्याआधी आणि आमच्यानंतरही अनेक जण त्यात सापडले असतील, अशी माझी खात्री आहे.

इंस्टाग्रामवरच्या एका जाहिरातीतून पनवेलच्या मैत्रिणीने संपर्क साधला. माणशी 2,600 रुपयांत राफ्टिंग, रॅपलिंग, नाष्टा, जेवण आणि विमा असे सगळे मिळणार होते. एकूण 20,800 रुपयांपैकी निम्मी रक्कम आगाऊ द्यायची होती, ती तिने यूपीआयने भरली. पैसे भरताना पडद्यावर संस्थेचे नाव न येता कोणा व्यक्तीचे नाव आले, तेव्हा तिने विचारले, तर "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे, मॅडम" असे उत्तर मिळाले. पावती मागितली तेव्हा फक्त "बुकिंग कन्फर्म, रविवारी साडेदहाला हजर राहा" एवढा निरोप व्हॉट्सअॅपवर आला.

या साडेदहाच्या वेळेतच सगळी मेख होती, पण ती कळायला नदीची माहिती हवी होती आणि ती आमच्यापैकी एकालाही नव्हती. कुंडलिकेतले राफ्टिंग पावसाच्या पाण्यावर अवलंबून नाही. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रात येते आणि वीज तयार झाल्यावर खाली नदीत सोडले जाते. म्हणूनच डिसेंबरातही तिथे खळाळते पाणी मिळते. पण हे पाणी साधारण सकाळी सोडतात आणि राफ्ट त्याच पाण्याबरोबर सुमारे 12 किलोमीटर खाली जातात. पाणी पुढे निघून गेले की उरते ती दगडगोट्यांमधली संथ नदी. ज्याचा हा खरोखरच रोजचा व्यवसाय आहे तो तुम्हाला पहाटे घराबाहेर पडायला लावील, साडेदहाला बोलावणार नाही.

आम्ही दहा वाजताच पोहोचलो. महामार्गाजवळच्या एका हॉटेलच्या अंगणात एका मुलाने पोहे-चहा दिला आणि लगेच प्रत्येकाच्या हातात दोन पानांचा फॉर्म ठेवला. पहिल्या पानावर नाव, वय, रक्तगट, पोहता येते का, दमा किंवा हृदयविकार आहे का असे प्रश्न होते. ते योग्यच असल्याने आम्ही मनापासून भरले. दुसरे पान बारीक अक्षरांतल्या इंग्रजीत होते. त्या मुलाने ते पान वर दुमडून फक्त सहीची रेघ पुढे केली आणि म्हणाला, "इथं सही करा ताई, विम्यासाठी लागते." मी मागचे वाचायला घेतले तेव्हा "गाडी लागलीय, राफ्ट तुमच्यासाठी थांबलीय" अशी घाई सुरू झाली. आम्ही आठही जणांनी सह्या केल्या आणि उरलेले 10,400 रुपयेही तिथेच दिले.

घाई सह्या होईपर्यंतच होती. त्यानंतर "पहिली बॅच खाली गेलीय", "जीप येतेय" असे ऐकत आम्ही जवळजवळ दोन तास बसून राहिलो. एकच्या सुमारास आम्हाला नदीवर नेले. काठावरचे दगड वीतभर उंचीपर्यंत ओले होते आणि पाणी त्याच्या खूप खाली होते, म्हणजे मोठे पाणी नुकतेच येऊन ओसरले होते. तिथे कपडे धूत बसलेल्या एका आजींना मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "आता कसलं पाणी, बाय? ते सकालीच येऊन गेलं." गाइड म्हणवणाऱ्या माणसाने मात्र, आज धरणातून पाणी कमी सोडले आहे आणि त्यावर आपला इलाज नाही, असे ठासून सांगितले.

तरीही त्याने आम्हाला लाइफ जॅकेट आणि हेल्मेट चढवायला लावले, संथ डोहात राफ्टमध्ये बसवले, वीसेक मिनिटे इकडून तिकडे फिरवले आणि वल्ही डोक्यावर उंच धरून ओरडायला सांगून पाच-सहा फोटो काढले. आम्हाला वाटले, निदान आठवण म्हणून फोटो तरी आहेत. ते कशासाठी काढले होते ते पुढे कळले.

रॅपलिंगचा प्रकार यापेक्षा गंभीर होता. जेमतेम चाळीस फुटांच्या कड्यावर एकच दोर सोडलेला होता आणि तो मनगटाएवढ्या खोडाच्या एका झाडाला बांधलेला होता. आमच्यातल्या महाडच्या मित्राने गिर्यारोहणाचे प्राथमिक प्रशिक्षण घेतले आहे, म्हणून त्याने साहित्य हातात घेऊन पाहिले. हार्नेसच्या, म्हणजे अंगाला बांधायच्या पट्ट्यांच्या साजाच्या, कमरेच्या पट्ट्याची शिवण एका बाजूने उसवली होती आणि कॅराबिनरचे, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचे, लॉक गंजल्यामुळे फिरतच नव्हते. त्याने तीन प्रश्न विचारले: दुसरा अँकर, म्हणजे दोर बांधायचा दुसरा आधार, कुठे आहे, बिलेचा दोर कुठे आहे आणि बिले कोण देणार आहे? उतरणाऱ्याचा हात सुटला किंवा मुख्य दोराला काही झाले, तर त्याला धरून ठेवणारा स्वतंत्र दोर असतो, तो बिलेचा. नवख्या माणसाला त्याच्याशिवाय कड्यावरून सोडणे म्हणजे त्याच्या जिवाशी खेळणे आहे. त्यावर उत्तर मिळाले, "साहेब, शेकडो लोक उतरलेत या दोरावरून." मित्राने आम्हाला कोणालाही उतरू दिले नाही आणि त्यासाठी मी त्याची कायमची ऋणी आहे.

पैसे परत मागितल्यावर जे घडले तीच खरी फसवणूक. राफ्टिंग तुम्ही केले आहे, त्याचे फोटो आहेत, आणि रॅपलिंगला तुम्ही स्वतःच नकार दिला, म्हणजे ते तुमच्याकडून रद्द झाले, असे आम्हाला सांगण्यात आले. सह्या केलेल्या दुसऱ्या पानावर काय लिहिले होते ते तेव्हा प्रथमच दाखवले गेले: ठरलेल्या सर्व सेवा समाधानकारकरीत्या मिळाल्या असून आमची कोणतीही तक्रार नाही. राफ्ट डोळ्यांनी बघण्याआधीच आम्ही हे लिहून देऊन बसलो होतो. विम्याचा पॉलिसी क्रमांक विचारला, तो शेवटपर्यंत मिळाला नाही.

दोन दिवसांनी पनवेलच्या मैत्रिणीला वेगळ्याच नंबरवरून फोन आला की साहेबांनी निम्मे पैसे परत द्यायला सांगितले आहेत, पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे तिला एरवी ठाऊक होते, पण पैसे परत मिळण्याच्या आशेने तिने पिन टाकला आणि आणखी 10,400 रुपये गेले. तिने पंधरा मिनिटांच्या आत 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यामुळे ती रक्कम पुढच्या खात्यात थांबवता आली. ती परत मिळवण्याची प्रक्रिया अजून सुरू आहे.

मुख्य रकमेसाठी आम्ही आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर कळवले आणि तिथे तोडगा न निघाल्याने अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. ओळखीच्या वकिलांनी सांगितले की आगाऊ घेतलेली सही म्हणजे प्रकरण संपले असे मुळीच नाही. साडेदहाचा निरोप, माझ्या मोबाइलमधल्या ओल्या दगडांच्या फोटोवरची वेळ, उसवलेल्या शिवणीचा मित्राने घेतलेला फोटो, हे सगळे आम्ही जोडले आहे. महाराष्ट्र शासनाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे. नोंदणी क्रमांक द्या, असे आम्ही लेखी मागितले, त्याला उत्तर आले नाही. हा एक प्रश्न आगाऊ पैसे भरण्याआधी विचारला असता, तर आम्ही दुसरीकडे गेलो असतो. कोलाडला नेमाने, नियमाने काम करणारे लोक आहेत आणि त्यांची पोटे याच नदीवर चालतात, म्हणून याचा राग अधिक येतो.

ती जाहिरात अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात पाहिली तेव्हा तिच्यात आमचाच फोटो होता: पिवळी हेल्मेट घातलेले आठ जण, डोक्यावर उंच धरलेली वल्ही आणि हसरे चेहरे. तो तुमच्यासमोर आला तर चेहऱ्यांकडे न बघता राफ्टच्या मागे बघा. दगडांवर पाण्याची ओली रेघ स्पष्ट दिसते आणि नदी तिच्या हातभर खाली आहे.