फाटकाला टू-पॅक पीयू की साधा ऑइलपेंट?

आमचं घर रत्नागिरीजवळ, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पाऊस सरला की लोखंडी फाटकावर कुठे ना कुठे गंज फुटलेला असतोच. वेल्डिंगचे सांधे, कडीखालची पट्टी, स्कूटरचं हँडल घासतं ती जागा. म्हणजे दरवर्षी थोडीफार डागडुजी ठरलेली.

दोन्ही रंग मी मारून पाहिलेत. टू-पॅक पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग; तो दोन डब्यांत येतो, एकात रंग, दुसऱ्यात त्याला कडक करणारा हार्डनर, आणि लावायच्या आधी दोन्ही कालवायचे. दिसण्यात पीयूला तोड नाही, हे आधीच कबूल. आमचा लाल ऑइलपेंट दोन उन्हाळ्यांत पांढुरका पडायचा, हात फिरवला की भुकटी लागायची. पीयू तिसऱ्या वर्षीही तसाच चकचकीत होता. मेहनत मात्र जास्त. पीयूचा थिनर कडक, जुन्या ऑइलपेंटवर मारला तर खालचा थर सुरकुततो. त्यामुळे सगळं फाटक लोखंडापर्यंत खरवडलं. तेही चाललं असतं.

चाललं नाही ते हार्डनरचं. उरलेले दोन्ही डबे झाकणं ठोकून माळ्यावर ठेवले होते. पुढच्या दिवाळीत कडीखालच्या चार बोटं जागेसाठी काढले, तर रंग ठणठणीत आणि हार्डनरचा डबा फुगलेला. उघडला तर आत खरवस! हार्डनर हवेतल्या ओलाव्याशीच जमून जातो, वर गॅसही सोडतो; एकदा उघडलेला डबा कोकणातला पावसाळा काढेल अशी आशाच चुकीची. दुकानदार सुटा हार्डनर देईना. चार बोटांसाठी नवा सेट घ्या, आणि कालवलेला रंग काही तासांत फेकून द्या. मला ते फार लागलं.

ऑइलपेंटही बिघडतो, नाही असं नाही. तो वाळतो तोच हवेतला ऑक्सिजन घेऊन, म्हणून अर्ध्या डब्यात साय धरते. पण ती सुरीने कडेने कापून अख्खी उचलता येते. ढवळून आत मिसळायची नाही, एवढं पाळायचं. खालचा रंग जुन्या ओढणीतून गाळला, लागलं तर थोडं टर्पेंटाइन घातलं, की काम होतं. मी चार लिटरचा डबा आता घेतच नाही. उरलेला रंग लहान डब्यात काठोकाठ भरतो, काठ पुसतो, झाकणावर लाकडाचा तुकडा ठेवून ठोकतो आणि डबा पालथा घालतो. झाकण नीट बसलं नसेल तर माळा रंगतो, तोही अनुभव आहे.

घाटावरच्या कोरड्या हवेत, किंवा एकदा रंगवून पाच वर्षं बघायचं नाही अशा जिन्याच्या कठड्याला, कदाचित मीही पीयूच सुचवेन. आमच्या फाटकाला रेड ऑक्साइडच्या गंजरोधक अस्तरावर ऑइलपेंटचे दोन हात. गेल्या वर्षीचा डबा परवाच उघडला. पापडाएवढी साय निघाली, खालचा रंग कडीखाली लागला.