केळकर संग्रहालय: अडकित्ते बघायला तरी जाच
पुण्यात दोनच दिवस होते. शनिवारवाडा उन्हात उरकला आणि आत्याला घेऊन बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात शिरले. तासाभराचा बेत होता, निघालो तीन तासांनी.

दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाच्या नावानं हे उभं केलं. वस्तू वीसेक हजार, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. पण राजेरजवाड्यांचा थाट कमी आणि घरातलंच सामान जास्त: दिवे, दौती, पानाचे डबे, पाय घासायच्या वज्र्या. अडकित्त्यांसमोर मी हललेच नाही. एक तर चक्क मिठीतल्या जोडप्याचा. सुपारी कातरताना कुणाला लाज वाटत नसेल? पितळ मात्र वापरून वापरून गुळगुळीत झालेलं.

वज्रीपाशी आत्या थबकली. "अगं, अशीच होती आपल्याकडे. तुझ्या काकानं भंगारात घातली!" मग पुढचं दालनभर काकाचा उद्धार.

कोथरूडहून हलवून इथे पुन्हा उभारलेला मस्तानी महालही आहे. गर्दी तिथेच असते, म्हणून आधी तो उरकून घ्या. जिने चढ-उतार बरेच, गुडघेदुखीवाल्यांनी सावकाश. आणि जेवून जा. आम्ही नंतर जवळच मिसळ खाल्ली, ती गारढोण निघाली.